'बाइट द बुलेट' कुठे आणि 'कम टू टर्म्स विथ' कुठे?

तापीकाठ

शेतकरी कंपनीच्या वार्षिक अहवालाचं इंग्रजी चालू आहे. बँकेकडे जाणार आणि परदेशी खरेदीदारांकडेही. मूळ मराठीतली तीन वाक्यं अडली:

'हरण्या आलेली झाडं शेवटी मनावर दगड ठेवून उपटली.'
'टिश्यू कल्चर रोपांचा वाढीव खर्च आता सभासदांच्या अंगवळणी पडला आहे.'
'फरदड घ्यायची नाही, हा ठराव काही सभासदांच्या अजून पचनी पडलेला नाही.'

(हरण्या म्हणजे केळीवरचा एक रोग. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात उभी ठेवून घेतलेली जास्तीची वेचणी.)

मसुद्यात तिन्हीला 'बाइट द बुलेट' लावलंय. दुसऱ्याचं तर 'मेंबर्स आर बायटिंग द बुलेट ऑफ कॉस्ट' असं झालंय. खटकतं, पण नेमकं काय चुकलं ते बोट ठेवून सांगता येत नाही. कुणीतरी 'कम टू टर्म्स विथ' सुचवलंय. नियमासकट सांगा, नुसतं 'असं म्हणत नाहीत' नको.

मास्तर_चोपडा

तिन्हीपैकी फक्त पहिल्या वाक्यात ते बसतं.

'बाइट द बुलेट' लागू पडायला तीन गोष्टी एकत्र हव्यात. काम नकोसं आहे हे करणाऱ्याला आधीच माहीत असतं. ते त्याने काही काळ टाळलेलं असतं, निदान टाळावंसं वाटलेलं असतं. आणि शेवटी तो स्वतः ठरवून ते करून टाकतो. यातली तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. नुसतं सोसणं म्हणजे बुलेट चावणं नव्हे, पुढे कृती लागते. म्हणून हा वाक्प्रचार बहुतेक वेळा एकटा येत नाही, त्याच्यामागे 'अँड' आणि दुसरं क्रियापद येतं:

'द ग्रोअर्स बिट द बुलेट अँड अपरूटेड द इन्फेक्टेड प्लँट्स.'

व्याकरण असं: बाइट, बिट, बिटन. 'द' कायम, 'बुलेट' कायम एकवचनी. 'बाइट अ बुलेट' किंवा 'बाइट द बुलेट्स' केलं की वाचणाऱ्याला खरोखरची काडतुसं दिसायला लागतात. पुढे 'ऑफ' नाही. ज्या गोष्टीबद्दल बोलायचं ती जोडायची असेल तर 'ऑन' चालतो: 'बाइट द बुलेट ऑन प्रायसिंग'. बातम्यांत आणि व्यापारी लेखनात हा 'ऑन' बराच दिसतो. कर्मणी प्रयोग करू नका, 'द बुलेट वॉज बिटन' हे विनोद म्हणूनच वाचलं जातं. चालू वर्तमानकाळही जपून, कारण ही एका क्षणाची कृती आहे. 'आर बायटिंग' म्हटलं की रोज थोडी थोडी चावताहेत असं वाटतं.

दुसऱ्या वाक्यात कुणी काही ठरवलेलंच नाही. खर्च वाढला, लोक सरावले. तिथे साधं 'हॅव गॉट यूज्ड टू द हायर कॉस्ट'. तिसऱ्यात 'कम टू टर्म्स विथ' बसतं, पण ते पुढच्या प्रतिसादात, त्याला जागा लागेल.

केळीबाग_रावेर

मास्तर, पहिल्या वाक्यात एक भर. शेतीच्या इंग्रजीत रोगट झाडं हुडकून काढून टाकण्याला 'रोगिंग' हा ठरलेला शब्द आहे. आपल्या 'रोग'शी त्याचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला सोपा. अहवाल कृषी खात्याच्या माणसाने वाचला तर 'रोग्ड' त्याला लगेच कळेल. बँकेच्या माणसाला कळणार नाही, त्याच्यासाठी 'अपरूटेड अँड डिस्ट्रॉइड' बरं.

'डिस्ट्रॉइड' मुद्दाम म्हणतोय. हरण्या म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, आणि विषाणूवर औषध नाही. तो मावा या रस शोषणाऱ्या किडीतून पसरतो, आणि माव्याने रोगट पानात सोंड घालून निरोगी पानात घातली की एवढ्यातच लागण होते. फवारणीने मावा मरेपर्यंत त्याने पुढचं झाड गाठलेलं असतं. पानावर पिवळसर पट्टे दिसले, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडायला लागला की झाड कंदासकट काढायचं, बागेबाहेर नेऊन पुरायचं किंवा जाळायचं. बांधावर टाकलं तर मावा तिथूनच परत येतो. काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो यांच्यावरही हा विषाणू राहतो, म्हणून बागेत आणि शेजारी ही पिकं नकोत.

हे इथे का लिहिलं? कारण वाक्प्रचार बरोबर का आहे ते यातच आहे. रोप, ठिबक, खत सगळ्यावर पैसे लागलेले असतात, झाड अजून हिरवं उभं असतं, आठवडाभर थांबून बघू असं प्रत्येकाला वाटतं, आणि थांबलं की शेजारची दहा झाडं जातात. मास्तरांनी सांगितलेल्या तिन्ही अटी इथे जागेवर आहेत.

पांझराकाठ

हा वाक्प्रचार १८५७ च्या काडतुसांवरून आला ना? शिपायांना दाताने काडतूस तोडावं लागायचं, त्यावरून?

मुद्रितशोधक

ही कथा भारतात फार फिरते, पण जुळत नाही. एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसाचा कागद दाताने फाडायचा असे, आतली दारू नळीत ओतायला. गोळी चावायची नसे. शिवाय तो शिपायाचा रोजचा कवायतीचा भाग होता, वेदना सहन करण्याशी त्याचा संबंध नाही.

कल्पना त्याच्या आधीची आहे. फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलभाषेच्या इंग्रजी कोशाच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल' या शब्दाखाली नोंद आहे: फटके खाताना ओरडणारा शिपाई तो नाइटिंगेल, आणि काही पलटणींत ओरडणं कमीपणाचं समजत म्हणून शिपाई तोंडात गोळी धरून चघळत. म्हणजे इथे शस्त्रक्रिया नाही, शिक्षा आहे. आजच्या अर्थाच्या जवळ जाणारा वापर रुडयार्ड किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत सापडतो, तिथे 'बाइट ऑन द बुलेट' असं आहे. पुढे हा 'ऑन' गळाला.

भूल नसताना जखमी सैनिकाच्या दातात गोळी देत, ही गोष्ट मात्र सगळीकडे छापलेली दिसते. भूल देणाऱ्या ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये १८४६ मध्ये झालं, त्याआधीच्या शस्त्रक्रियांत दातांखाली चामड्याचा पट्टा किंवा लाकूड देणं जास्त सयुक्तिक. शिशाची गोळी घशात जाण्याची भीती. विद्यार्थ्यांना ही व्युत्पत्ती ठामपणे सांगू नये.

वांग्याचं_भरीत

मराठी बातम्यांत 'सरकारने गोळी चावली' असं वाचलंय. वाचून आधी डोकेदुखीची गोळीच आठवली.

मास्तर_चोपडा

तीच तर गडबड. आपल्याकडे 'गोळी' म्हणजे बंदुकीचीही आणि औषधाचीही, त्यामुळे 'बाइट द बुलेट' आणि 'अ बिटर पिल टू स्वॉलो' हे दोन एकमेकांत मिसळतात. फरक ठेवा. 'बिटर पिल' हे नाम आहे, जी गोष्ट घडली तिला लावायचं: 'लूझिंग द ऑर्डर वॉज अ बिटर पिल टू स्वॉलो.' तिथे कर्ता हताश आहे. 'बाइट द बुलेट' ही कर्त्याची कृती. ऑर्डर गेली ही पिल, मग दर कमी केला ही बुलेट.

बुलेटचे बाकीचे भाऊबंदही वेगळे आहेत. 'डॉज्ड अ बुलेट' म्हणजे थोडक्यात वाचलो, आणि इथे 'अ' असतो, 'द' नाही. 'टेक अ बुलेट फॉर' म्हणजे दुसऱ्यासाठी झळ सोसणे. 'सिल्व्हर बुलेट' म्हणजे एका फटक्यात सगळं सोडवणारा उपाय, आणि हा बहुतेक वेळा 'देअर इज नो सिल्व्हर बुलेट' असा नकारातच येतो. गारपीट शेजारच्या शिवारात पडली आणि आपली बाग वाचली, तर 'वुई डॉज्ड अ बुलेट'. तिथे 'बिट' लिहिलं की अर्थ उलटा.

आता 'कम टू टर्म्स विथ'. हा मनाचा व्यवहार आहे आणि त्याला वेळ लागतो. मुळात 'टर्म्स' म्हणजे कराराच्या अटी. दोन पक्ष 'कम टू टर्म्स' झाले म्हणजे त्यांचा समझोता झाला, आणि हा अर्थ आजही जिवंत आहे: 'द युनियन अँड द मिल हॅव कम टू टर्म्स.' पुढे 'विथ' आणि एखादी वास्तव गोष्ट आली की अर्थ बदलतो: बदलता न येणारी, दुखणारी गोष्ट मनाने मान्य करणे.

'विथ'नंतर काय येतं तिथे सगळ्यात जास्त चुका होतात. नाम चालतं: 'विथ द लॉस'. क्रियापदाला 'इंग' लावून चालतं: 'विथ लूझिंग द लँड'. पूर्ण वाक्य जोडायचं तर मध्ये 'द फॅक्ट' लागतं: 'विथ द फॅक्ट दॅट द क्रॉप इज गॉन.' नुसतं 'विथ दॅट द क्रॉप इज गॉन' चूक. 'हाऊ', 'व्हॉट' ने सुरू होणारं वाक्य मात्र सरळ चालतं: 'विथ व्हॉट हॅपन्ड'.

पूर्ण वर्तमानकाळात 'हॅज कम', कधीच 'हॅज केम' नाही. अकरावी-बारावीच्या पेपरांत हे इतकं येतं की वेगळं सांगायला हवं. चालू काळ इथे अगदी शोभतो, 'इज कमिंग टू टर्म्स', कारण प्रक्रियाच आहे. सोबत येणारे शब्दही ठरलेले: 'स्ट्रगल टू', 'ट्राय टू', 'यट टू', 'नेव्हर क्वाइट', 'ग्रॅज्युअली'. 'सडनली केम टू टर्म्स' लिहिलं तर वाचणारा अडखळतो.

आणि 'टर्म' चा 'एस' खाऊ नका. 'कम टू टर्म' म्हणजे गरोदरपणाचे दिवस पूर्ण भरणे. अहवालात 'मेंबर्स हॅव कम टू टर्म' छापलं गेलं तर अवघड आहे.

तापीकाठ

म्हणजे तिसरं: 'सम मेंबर्स हॅव यट टू कम टू टर्म्स विथ द डिसिजन नॉट टू टेक फरदड.' बरोबर?

केळीबाग_रावेर

'फरदड' बाहेरच्याला कळणार नाही. 'नॉट टू कीप द कॉटन क्रॉप बियाँड डिसेंबर' करा.

मास्तर_चोपडा

व्याकरण ठीक. पण थांबा, सभासदांनी पऱ्हाट्या (कपाशीची झाडं) उपटल्या का नाही? उत्तरावर वाक्प्रचार बदलतो.

डिसेंबरात झाडावर हिरवी बोंडं असतात. एखाद-दोन पाणी दिलं की आणखी वेचणी मिळते, म्हणून फरदडीचा मोह सुटत नाही. पण गुलाबी बोंडअळीचं जगणं मुख्यतः कपाशीवरच आहे. शेत उभं ठेवलं की तिला सलग खाणं मिळतं आणि पुढच्या हंगामात ती लवकर आणि जास्त येते. म्हणून हंगाम वेळेत संपवून पऱ्हाट्या काढायच्या. ज्याने जीव तुटत असताना काढल्या त्याने 'बिट द बुलेट'. ज्याने काढल्या, पण अजून मनात 'दोन क्विंटल गेले' चालू आहे, तो अजून 'हॅजन्ट कम टू टर्म्स विथ इट'. ज्याने काढल्याच नाहीत त्याला दोन्ही लागू नाहीत, तो 'रेफ्यूज्ड टू कम्प्लाय'.

दोन्ही वाक्प्रचार एकाच वाक्यात उलटसुलट बसतात का हे बघणं, ही उत्तम कसोटी: 'ही बिट द बुलेट इन डिसेंबर, बट ही स्टिल हॅजन्ट कम टू टर्म्स विथ द लॉस.' हे इंग्रजीत निर्दोष आहे. उलट क्रमही चालतो: आधी मन तयार झालं, मग कृती. म्हणजे दोन्ही समानार्थी नाहीत, एक हाताचा आणि एक मनाचा. शब्दकोशात दोन्हीपुढे 'स्वीकारणे' एवढंच लिहिलेलं असतं, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सातपुडा_धडगाव

कापूस-केळीपुरतं ठीक. पण हेच शब्द विस्थापनाच्या लेखनात आले की जास्त जपायला हवं. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. त्यावरच्या इंग्रजी लेखनात 'द व्हिलेजर्स बिट द बुलेट अँड मूव्हड' असं लिहिलं तर ते व्याकरणाने शुद्ध आणि अर्थाने खोटं. मास्तरांची तिसरी अट बघा: स्वतः ठरवून. पाणी चढत असताना उठलेल्या माणसाने काय ठरवलं?

'हॅव कम टू टर्म्स विथ डिस्प्लेसमेंट' हे त्याहून फसवं. ते लिहिणारा दुसऱ्याच्या मनाबद्दल निकाल देतो, आणि प्रश्न मिटला असं वाचणाऱ्याला वाटतं. कुणी मुलाखतीत स्वतःबद्दल तसं म्हटलं तर अवतरणात द्या. नाहीतर जे दिसलं तेवढं लिहा: कुठल्या गावची किती घरं कुठल्या वसाहतीत गेली, जमीन मिळाली की नाही. 'वेअर मूव्हड', 'वेअर फोर्स्ड टू लीव्ह', 'लिव्ह नाऊ इन'. साधी क्रियापदं.

पांझराकाठ

जिल्ह्याला, शहराला 'कम टू टर्म्स' लावता येतं का? १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, तर 'धुळे हॅज कम टू टर्म्स विथ द स्प्लिट' चालेल?

मुद्रितशोधक

चालेल, इंग्रजी वृत्तपत्रांत गावाला, देशाला, पक्षाला लावतातच. फक्त एवढ्या वर्षांनी लिहिताना 'लाँग सिन्स' घाला, 'हॅज लाँग सिन्स कम टू टर्म्स', नाहीतर कालपर्यंत रुसून बसले होते असं वाटेल.

वजनाचंही बघा. मृत्यू, आजार, जमीन जाणं, गाव सुटणं, हरणं, यांना हा वाक्प्रचार शोभतो. बसची वेळ बदलली, कार्यालय दुसऱ्या मजल्यावर गेलं, याला लावला तर उपरोध होतो. आणि दुःखात असलेल्याला आज्ञार्थी कधीच नाही: 'यू मस्ट कम टू टर्म्स विथ इट' हे सांत्वनाच्या पत्रात फार कोरडं पडतं. 'बाइट द बुलेट' तर मृत्यूच्या संदर्भात अजिबात नाही.

वांग्याचं_भरीत

'रोल विथ द पंचेस', 'टेक इट ऑन द चिन', 'ग्रिन अँड बेअर इट' यांचं काय? स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत सगळे एकाच रांगेत.

मास्तर_चोपडा

पहिले दोन मुष्टियुद्धातले. 'रोल विथ' म्हणजे फटक्यासोबत अंग वळवणे, बदलाप्रमाणे स्वतःला बदलत राहणे. यात लवचीकपणा आहे. 'ऑन द चिन' म्हणजे तक्रार न करता सरळ घेणे, बहुतेकदा टीका किंवा पराभव. 'ग्रिन अँड बेअर' म्हणजे काहीच करता येत नाही म्हणून हसत सोसणे. याच रांगेतलं 'लम्प इट' (आवडो न आवडो, सोसा) उद्धट आहे, पत्रव्यवहारात नको.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी एक वेगळा वापर. नीतिशास्त्रात, तत्त्वज्ञानाच्या वादात 'बाइट द बुलेट' ला ठरीव अर्थ आहे. समोरचा दाखवतो की तुमचा सिद्धांत मानला तर अमुक विचित्र निष्कर्ष निघतो. उदाहरणार्थ, जास्तीत जास्त लोकांचं भलं हीच कसोटी धरली, तर दंगल थांबवायला एका निरपराध माणसाला शिक्षा देणंही योग्य ठरेल. आता तुम्ही सिद्धांत सोडू शकता, किंवा निष्कर्ष तसा निघत नाही असं दाखवू शकता, किंवा 'हो, निघतो, आणि मला तो मान्य आहे' म्हणू शकता. तिसरा मार्ग म्हणजे बुलेट चावणं. इथे पुढे 'अँड अॅक्सेप्ट' येतं किंवा काहीच येत नाही.

केळीबाग_रावेर

तापीकाठ भाऊ, अहवाल खरेदीदारांकडे जाणार म्हणता. आपला माल जास्त करून इराणकडे आणि आखाती देशांत. तिथे वाचणाऱ्याची इंग्रजी आपल्यासारखीच शिकलेली. 'बाइट द बुलेट' वाचून तो शब्दकोश उघडेल नाहीतर सोडून देईल. दराच्या, पॅकिंगच्या पत्रात तर वाक्प्रचार अजिबात नको. 'वुई हॅव बिटन द बुलेट ऑन कार्टन साइज' ऐवजी 'फ्रॉम नेक्स्ट मंथ वुई विल पॅक ओन्ली इन 13 केजी कार्टन्स'. यात तारीख आहे, आकडा आहे, भांडणाला जागा नाही. पहिल्या वाक्यातून खरेदीदाराला एवढंच कळतं की तुम्हाला त्रास झाला, आणि मग तो दर पाडून मागतो.

मुद्रितशोधक

हे पटलं. अहवालातही दोन प्रती करा. बँकेच्या प्रतीत एक 'बिट द बुलेट' शोभेल, पूर्ण अहवालात एकदाच. असे वाक्प्रचार एका पानावर दोनदा आले की भाषण वाटतं.

तापीकाठ

मग असं ठेवतो:

'इन जुलै द ग्रोअर्स बिट द बुलेट, अँड अपरूटेड अँड डिस्ट्रॉइड ऑल इन्फेक्टेड प्लँट्स. मेंबर्स हॅव गॉट यूज्ड टू द हायर कॉस्ट ऑफ टिश्यू कल्चर प्लँट्स. ऑल मेंबर्स क्लिअर्ड देअर कॉटन बाय डिसेंबर, दो सम हॅव यट टू कम टू टर्म्स विथ द लॉस ऑफ द लास्ट पिकिंग.'

पऱ्हाट्या सगळ्यांनी काढल्या होत्या, नोंदवहीत बघितलं. खरेदीदाराच्या प्रतीत पहिलं वाक्य 'इन जुलै ऑल इन्फेक्टेड प्लँट्स वेअर अपरूटेड अँड डिस्ट्रॉइड'.

मास्तर_चोपडा

'बुलेट'नंतरचा स्वल्पविराम काढा, तो वाक्प्रचार तोडतो. दोन 'अँड' लागोपाठ नकोत, 'बिट द बुलेट अँड डिस्ट्रॉइड ऑल इन्फेक्टेड प्लँट्स' पुरे. बाकी छापायला द्या.

सातपुडा_धडगाव

'ऑल' ची खात्री आहे ना? बँकवाला बाग बघायला आला आणि एक पिवळा पोंगा दिसला तर तो शब्द महागात जाईल. 'ऑल प्लँट्स फाउंड इन्फेक्टेड' करा.

तापीकाठ

केलं. आभार सगळ्यांचे.